मॉरिशसच्या सहलीतील जेवणाचे नियोजन : मराठवाड्यातून जाणाऱ्या कुटुंबांसाठी

लातूर, परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथून परदेशी सहलीला निघणारे कुटुंब विमानाची तिकिटे, हॉटेल आणि पाहण्याची ठिकाणे यांचा तपशील महिनाभर आधी ठरवते. जेवणाचा प्रश्न मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देते. समुद्राने वेढलेल्या बेटावर ही ढिलाई फार महागात पडते. तिथे मासे आणि मांस सर्वत्र आहे, हॉटेले गावापासून दूर किनाऱ्यावर आहेत, आणि रात्री भूक लागली तर कोपऱ्यावर भजीची गाडी सापडत नाही. आमच्या पहिल्या मॉरिशस सहलीत आम्ही घरचे पाच जण होतो आणि त्यांत आई-वडील माळकरी. एका रिसॉर्टच्या बुफेमध्ये ‘भाज्यांचे सूप’ अशी पाटी असलेल्या भांड्यातून वडिलांनी वाटीभर सूप घेतले, दोन चमचे प्यायले, आणि चव वेगळी लागली म्हणून चौकशी केली, तेव्हा ते माशाच्या अर्कात शिजवलेले असल्याचे कळले. चाळीस वर्षे जपलेला नेम असा नकळत मोडल्याचे दुःख त्यांनी बोलून दाखवले नाही. पण त्या रात्री ते जेवले नाहीत. हा लेख त्या रात्रीमुळे लिहिला आहे. योग्य तयारी केली तर मॉरिशस हे मराठवाड्यातील शाकाहारी माणसालाही पोटभर, आणि आपुलकीने, जेवू घालणारे बेट आहे, हे दुसऱ्या सहलीत आम्हाला पुरते पटले.

या आपुलकीला इतिहास आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले, आणि १९२० पर्यंत सुमारे साडेचार-पाच लाख लोक करारावर उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी तिथे नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले, बहुतांश कोकणातले, मराठी भाषक होते. त्यांचे वंशज आज स्वतःला मराठीच म्हणवतात आणि गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. बिहारी, तमिळ, तेलुगू, मराठी, गुजराती, चिनी, आफ्रिकी आणि फ्रेंच अशा सगळ्या घरांच्या चुली दोनशे वर्षे शेजारी शेजारी पेटल्या. त्यामुळे त्या बेटाच्या ताटात आपल्याला ओळखीचे पदार्थ अनोळखी नावांनी भेटतात. ती नावे आधी शिकून घेणे हेच या मार्गदर्शनाचे मुख्य काम आहे.

पहिली पायरी : हॉटेलचा जेवणासह करार नीट वाचणे

आरक्षण करताना चार प्रकार समोर येतात. पहिल्यात फक्त नाश्ता, ‘हाफ बोर्ड’मध्ये नाश्ता आणि रात्रीचे जेवण, ‘फुल बोर्ड’मध्ये तिन्ही वेळचे जेवण, आणि ‘ऑल इन्क्लुझिव्ह’मध्ये जेवणाबरोबर पेये, बहुधा मद्यही. प्रवासी कंपन्या शेवटचा प्रकार आग्रहाने सुचवतात, कारण तो ऐकायला निश्चिंत वाटतो. माझे मत याच्या उलट आहे. मद्य न घेणाऱ्या कुटुंबाने त्या प्रकाराचे पैसे भरणे म्हणजे न वापरलेल्या गोष्टीचे मोल देणे होय. शिवाय सगळे जेवण आधीच भरलेले असले की मनुष्य हॉटेलच्या कुंपणाबाहेर पडत नाही, आणि मॉरिशसचे खरे जेवण त्या कुंपणाबाहेर आहे. दिवसा फिरणाऱ्या आणि संध्याकाळी थकून परतणाऱ्या कुटुंबाला ‘हाफ बोर्ड’ सर्वांत सोयीचा, कारण दुपारचे जेवण मोकळे राहते आणि रस्त्यावरचे उत्तम पदार्थ दुपारीच मिळतात.

घरात वृद्ध, पथ्याचे किंवा माळकरी सदस्य असतील तर स्वयंपाकघर असलेली सदनिका भाड्याने घेण्याचा विचार आवर्जून करावा. उत्तरेकडे ग्रां बे आणि त्रू-ओ-बिश, पश्चिमेकडे फ्लिक-आं-फ्लाक या गावांत अशा सदनिका भरपूर आहेत, आणि चालत जाण्याच्या अंतरावर सुपरमार्केट असते. तिथे बासमती तांदूळ, तुरीची डाळ, मसूर, हळद, जिरे, मोहरी, कोथिंबीर, दही हे सगळे सहज मिळते. ज्वारीच्या पिठाची आशा मात्र धरू नये. भाकरीशिवाय ज्यांचा दिवस सरत नाही त्यांनी मन आधी तयार करावे.

आरक्षण निश्चित करण्यापूर्वी हॉटेलला लेखी निरोप पाठवावा आणि त्यात केवळ ‘शाकाहारी’ हा शब्द वापरून थांबू नये. अनेक देशांत शाकाहारी माणूस मासे किंवा अंडी खातो असे गृहीत धरले जाते. म्हणून ‘मांस नाही, मासे नाहीत, कोळंबी नाही, अंडे नाही, आणि यांपैकी कशाचा अर्क घातलेले सूप किंवा रस्साही नाही’ असे प्रत्येक गोष्टीचे नाव घेऊन लिहावे. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तेही वेगळे लिहावे. हा निरोप छापून सोबत ठेवावा आणि पोहोचल्यावर मुख्य आचाऱ्याला भेटून दाखवावा. दुसऱ्या सहलीत आम्ही हे केले तेव्हा आचाऱ्याने स्वतः येऊन बुफेच्या टेबलावरील कोणते पदार्थ चालतील ते दाखवले, आणि दोन रात्री वडिलांसाठी वेगळी डाळ व भाजी करून दिली. विचारले तर बहुतेक ठिकाणी मनापासून मदत होते, हा आमचा अनुभव आहे.

दुसरी पायरी : प्रवासातील शिदोरी

मुंबईहून मॉरिशसला थेट विमान सुमारे सहा तासांत पोहोचते. विमानातील जेवणासाठी ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन’ हा पर्याय किमान २४ तास आधी नोंदवावा लागतो. तो ऐनवेळी मागून मिळत नाही. मराठवाड्यातून मुंबईपर्यंतचा रात्रीचा प्रवास धरला तर घरून निघाल्यापासून हॉटेलमध्ये पाय ठेवेपर्यंत सहज चोवीस तास जातात. यासाठी आपल्याकडच्या दशम्यांसारखे दुसरे अन्न नाही. दुधात मळलेल्या दशम्या मऊ राहतात, दोन दिवस टिकतात आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर मुलेही आनंदाने खातात. धपाटे करायचे असतील तर ते पहिल्याच दिवशी संपतील एवढेच करावेत.

मात्र हे सगळे विमान उतरण्यापूर्वी संपवावे. मॉरिशस हा शेतीवर उभा राहिलेला छोटा देश आहे आणि बाहेरून येणाऱ्या कीड-रोगांबाबत तो अतिशय सावध आहे. ताजी फळे, भाज्या, बियाणे, रोपे आणि विशेषतः ऊस किंवा उसाचा कोणताही भाग नेऊ नये. कोरडी चटणी, येसराचे भाजलेले पीठ, भडंग अशा बंद पाकिटांतील वस्तू सोबत असतील तर प्रवेशाच्या अर्जात अन्नपदार्थांविषयीच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे आणि अधिकाऱ्यांनी मागितल्यास दाखवावे. येसर मात्र जरूर न्यावा. सदनिकेत गरम पाणी, मीठ आणि चमचाभर तेल असले की दहा मिनिटांत येसराची आमटी होते. सहाव्या दिवशी परदेशी चवींनी कंटाळलेल्या वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर ती आमटी जे समाधान आणते त्याला तोड नाही.

मधुमेह असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मॉरिशसची वेळ भारताच्या दीड तास मागे आहे. तिथे रात्रीचे जेवण आठ वाजता घेतले तर शरीराच्या घड्याळात साडेनऊ झालेले असतात. औषधाच्या आणि इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात आणि हाताशी खाण्याचे काहीतरी नेहमी ठेवावे.

तिसरी पायरी : दहा शब्द पाठ करणे

मॉरिशसमध्ये इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही चालतात, भोजपुरी आणि हिंदी समजणारेही पुष्कळ भेटतात. पण रोजच्या व्यवहाराची भाषा क्रिओल आहे, आणि गाडीवरच्या विक्रेत्याशी तिचे चार शब्द बोलले की गैरसमज टळतात. ‘लाव्यान’ म्हणजे मांस, ‘पुल’ म्हणजे कोंबडी, ‘प्वासों’ म्हणजे मासा, ‘दिझेफ’ म्हणजे अंडे. ‘मो पा मांझ लाव्यान’ म्हणजे मी मांस खात नाही. ‘पा मेत दिझेफ’ म्हणजे अंडे घालू नका. ‘दिलो’ म्हणजे पाणी, ‘पिमा’ म्हणजे मिरची, ‘सां पिमा’ म्हणजे मिरचीशिवाय. ‘कोम्ये?’ म्हणजे किती झाले, आणि ‘मेर्सी’ म्हणजे आभारी आहे. ‘पिस्तास’ हा शब्द ऐकून पिस्ते मिळतील असे समजू नये. तिथे शेंगदाण्यांना पिस्तास म्हणतात, आणि किनाऱ्यावर उकडलेल्या किंवा खारवलेल्या शेंगदाण्यांच्या पुड्या विकत मिळतात.

पैशांविषयी एक सूचना इथेच देतो. तिथल्या चलनालाही रुपयाच म्हणतात, पण तो रुपया आपल्या रुपयापेक्षा महाग आहे. ‘दोनशे रुपये’ ऐकले की आपले मन आपल्या रुपयांत हिशेब करते आणि दिवसअखेर खर्चाचा अंदाज चुकतो. निघण्यापूर्वी त्या आठवड्याचा दर पाहून एका चिठ्ठीवर पन्नास, शंभर, पाचशे आणि हजार यांचे आपले मोल लिहून पाकिटात ठेवावे. गाड्यांवर रोख पैसेच लागतात, म्हणून सुट्या नोटा जवळ असाव्यात. मूल्यवर्धित कर १५ टक्के आहे. बहुतेक उपाहारगृहांच्या दरपत्रकात तो धरलेला असतो, काही ठिकाणी तो वेगळा लावतात, म्हणून पदार्थ मागवण्यापूर्वी दरपत्रकाच्या तळाची बारीक ओळ वाचावी. बक्षिशीची सक्ती नाही.

चौथी पायरी : पोर्ट लुईतील एक सकाळ, आणि डाळपुरी

सहलीतील एक सकाळ केवळ खाण्यासाठी राजधानी पोर्ट लुईला द्यावी. हॉटेलमधला नाश्ता त्या दिवशी चहा आणि फळांपुरताच ठेवावा आणि नऊ-दहाच्या सुमारास फार्कुहार रस्त्यावरच्या सेंट्रल मार्केटमध्ये पोहोचावे. शनिवारची दुपार आणि रविवार टाळावा, कारण शहराचा बराच भाग तेव्हा बंद असतो. संध्याकाळीही तेच, कार्यालये सुटली की कोदां वॉटरफ्रंटचा परिसर सोडला तर रस्ते ओस पडतात, म्हणून पोर्ट लुई हे रात्रीच्या जेवणाचे नव्हे, दुपारच्या जेवणाचे शहर आहे.

भाजी-बाजाराच्या तळमजल्यावर फिरताना मराठवाड्यातील कोणतीही गृहिणी थबकेल, कारण तिथे पालेभाज्यांच्या जुड्यांना जो मान आहे तो मोठ्या शहरांत आता दिसत नाही. क्रिओलमध्ये पालेभाजीला ‘ब्रेद’ म्हणतात. ‘ब्रेद मुरुम’ म्हणजे शेवग्याचा पाला, ‘ब्रेद सोंझ’ म्हणजे अळू, ‘ब्रेद मालबार’ म्हणजे माठाच्या जातीची पालेभाजी, ‘ब्रेद जिरोमों’ म्हणजे भोपळ्याची पाने. यांचे पातळ सार, ‘बुयों ब्रेद’, हे तिथल्या सामान्य घरातील रोजचे अन्न आहे. उपाहारगृहात ते मागवताना त्यात सुकी कोळंबी घातली आहे का, हे मात्र विचारावे.

आता डाळपुरी. तिचा तिथला उच्चार ‘दोलपुरी’ असा ऐकू येतो. पिवळी डाळ बोटचेपी शिजवून, पाणी निथळून, कोरडी वाटतात. त्यात जिरे, हळद आणि मीठ घालतात. मैद्याच्या पारीत हे पुरण भरून अतिशय पातळ लाटतात आणि तव्यावर भाजतात. डाळीचे शिजवलेले पाणीही वाया न घालवता कणीक भिजवायला वापरतात. पुरणपोळी करणाऱ्या हाताला ही सगळी रीत पाठ आहे. फरक एवढाच की गूळ नाही, आणि आपल्याकडे ज्या पाण्याची कटाची आमटी होते ते तिथे पिठात जाते. विक्रेता नेहमी दोन पुऱ्यांची जोडी देतो. त्यावर मोठ्या पांढऱ्या शेंगबियांची रस्साभाजी, टोमॅटोचा ‘रुगाय’, भाज्यांचे मोहरी-हळद लावलेले लोणचे, ज्याला ‘आशार’ म्हणतात, आणि कोथिंबिरीची चटणी घालून, कागदात गुंडाळून हातात ठेवतो. हा सारा ऐवज बहुधा पूर्णतः शाकाहारी असतो. सणासमारंभात हीच डाळपुरी खिरीबरोबर वाढतात. रोझ हिल गावातील ‘देवा अँड सन्स’ हे नाव डाळपुरीसाठी बेटभर प्रसिद्ध आहे, पण कोणत्याही गावातील बस स्थानकाजवळची गर्दी असलेली गाडी तितकीच भरवशाची असते.

डाळपुरी खाताना तीन गोष्टी पाळाव्यात. ती अकरा ते एकच्या दरम्यान खावी, कारण चांगल्या गाडीवरचा माल दुपारी लवकर संपतो. ती उभ्यानेच, गरम असताना खावी. हॉटेलवर नेऊन संध्याकाळी खाल्लेली डाळपुरी चिवट लागते आणि तिच्याविषयी उगाच वाईट मत होते. आणि विक्रेत्याने ‘पिमा?’ असे विचारले की आपण ठेच्यावर वाढलेले लोक आहोत म्हणून बेधडक होकार देऊ नये. लसूण, मीठ आणि तेलासह वाटलेला तिथला मिरचीचा गोळा, ‘माझावारू’, आपल्या ठेच्याच्या तोडीस तोड असतो. पहिल्या जोडीला थोडाच घ्यावा, मग वाढवावा. माझ्या आईने त्याची छोटी बाटली विकत घेतली आणि पुढचे सगळे दिवस हॉटेलच्या फिक्या भाजीवर तोच तिचा आधार होता.

डाळपुरीच्या शेजारी ‘गातो पिमा’ तळत असतात. भिजवलेली डाळ भरड वाटून, मिरची, जिरे, कोथिंबीर आणि कांद्याची पात घालून केलेले हे छोटे गोल डाळवडेच आहेत. तिथे ते लोणी लावलेल्या पावात भरून सकाळी खातात. ‘फाराता’ म्हणजे पराठा, पदर सुटलेला. हे झाल्यावर बाजारातच ‘आलुदा’ प्यावे : थंड दूध, भिजवलेला सब्जा, आगर-आगरच्या जेलीचे तुकडे आणि व्हॅनिला किंवा बदामाचे सरबत. आगर-आगर समुद्री शेवाळापासून होते, त्यामुळे जिलेटिनची भीती बाळगणाऱ्यांना ते चालते. साखर मात्र भरपूर असते.

पोट भरल्यावर बंदराच्या दिशेने चालत जाऊन आप्रवासी घाट पाहावा. करारबद्ध मजुरांना उतरवून घेण्याची ही जागा २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. ज्या दगडी पायऱ्यांवरून ते लोक चढले त्या पाहताना हातातली डाळपुरी कुठून आली हे वेगळे सांगावे लागत नाही.

पाचवी पायरी : चिनी, क्रिओल आणि मुस्लिम स्वयंपाकघरांत काय विचारावे

इथे काळजी अधिक लागते. ‘मिन फ्री’ म्हणजे परतलेल्या नूडल्स आणि ‘दिरी फ्री’ म्हणजे परतलेला भात. भाज्यांचाच मागवला तरी त्यात अंडे, ऑयस्टर सॉस किंवा माशाचा सॉस असू शकतो आणि कढई सर्वांची एकच असते. ‘बुलेत’ म्हणजे वाफवलेले गोळे. त्यांतला एक प्रकार शुशू नावाच्या दुधीसारख्या भाजीचा असतो आणि तो भाजीचा म्हणून सांगितला जातो. त्यात अनेकदा कोळंबी किंवा मांस मिसळलेले असते. माळकऱ्याने या दुकानांत जाऊच नये असे मी स्पष्ट सांगेन. चिनी दुकानांत डुकराचे मांसही वापरतात, हे मुस्लिम वाचकांनीही ध्यानात घ्यावे.

संभाजीनगरच्या नान-खलियाच्या चवीवर वाढलेल्या मांसाहारी वाचकाला मात्र पोर्ट लुईत घरच्यासारखे वाटेल. बेटाच्या लोकसंख्येचा साधारण सहावा हिस्सा मुस्लिम आहे आणि हलाल अन्न शोधावे लागत नाही. तिथली ‘ब्रियानी’ मोठ्या देगेत, थर लावून, बटाट्यासह दमावर शिजते. लग्नकार्यात ती शेकडो लोकांसाठी एकाच वेळी होते. ‘हालीम’ हे डाळी आणि मटणाचे दाटसर सूप गाड्यांवर पावाबरोबर मिळते. हैदराबादी हलीमच्या तुलनेत ते पातळ असते. तुलना न करता प्यावे, छान लागते.

क्रिओल जेवणाचा पाया ‘रुगाय’ हा आहे : टोमॅटो, कांदा, लसूण, आले आणि थाइमची पाने. तो खारवलेल्या माशाचा, सॉसेजचा किंवा अंड्याचा असतो. ‘विंदाय’ मोहरी, हळद आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले मासे किंवा ऑक्टोपस असते आणि गार भाताबरोबरही रुचकर लागते. डोंगराळ शामारेल भागात लोक आपल्या घरीच पाहुण्यांना जेवू घालतात. या पद्धतीला ‘ताब्ल दोत’ म्हणतात. आदल्या दिवशी दूरध्वनी करून शाकाहारी असल्याचे सांगितले तर फणसाची किंवा भोपळ्याची भाजी, मसूर, भात आणि चटण्या असे साधे पण सुंदर जेवण मिळते. हॉटेलच्या बुफेपेक्षा मी या जेवणाला नेहमी वरचे स्थान देईन.

मासे खाणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्याकडे गोदावरीचे आणि जायकवाडीचे गोड्या पाण्यातले मासे ताजे मिळतात; समुद्राचे मासे बर्फात येतात, त्यामुळे त्यांची पारख आपल्याला फारशी नसते. प्रवाळाजवळ राहणाऱ्या मोठ्या शिकारी माशांच्या शरीरात कधीकधी ‘सिग्वाटेरा’ नावाचे विष साठते आणि ते शिजवल्याने, तळल्याने किंवा गोठवल्याने नष्ट होत नाही. चवीवरून किंवा वासावरूनही ते ओळखता येत नाही. म्हणून अनोळखी मच्छीमाराकडून किनाऱ्यावर मोठा मासा विकत घेऊन स्वतः शिजवू नये; नियमित ग्राहक असलेल्या उपाहारगृहातच मासे खावेत. ज्यांनी आयुष्यात कोळंबी, खेकडा किंवा ऑक्टोपस खाल्लेला नाही त्यांनी परदेशात पहिल्यांदा खाताना लहान घास घेऊन थांबावे, कारण ॲलर्जी असल्यास ती तिथेच कळते.

पामच्या गाभ्याची कोशिंबीर अनेक महागड्या ठिकाणी मानाने वाढतात. ती मिळवण्यासाठी अख्खे झाड तोडावे लागते. मी ती खाल्लेली नाही आणि खाणार नाही.

सहावी पायरी : उपवासाचे दिवस

सहलीच्या तारखा ठरवताना एकादशी आणि चतुर्थी कॅलेंडरवर पाहून ठेवाव्यात. त्या दिवशी लांबचा प्रवास न ठेवता किनाऱ्यावरचा दिवस ठेवावा. तिथला छोटा, अतिशय गोड ‘व्हिक्टोरिया’ अननस किनाऱ्यावरच सोलून, दांडीसह हातात देतात. मीठ-मिरची नको असेल तर आधी सांगावे. शहाळे, केळी, उकडलेले रताळे, शेंगदाणे हे सगळे मिळते. लिची आणि आंबे साधारण नोव्हेंबरपासून येतात, कारण दक्षिण गोलार्धात उन्हाळा तेव्हा सुरू होतो. मात्र याच उन्हाळ्यात, विशेषतः जानेवारी ते मार्च, चक्रीवादळांचा धोका असतो. वादळाची सूचना लागली की दुकाने आणि उपाहारगृहे बंद होतात, तेव्हा खोलीत दोन दिवसांचे कोरडे खाणे आणि पाणी असावे.

साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, तिथला ‘मान्योक’, बाजारात ताजा मिळतो. सदनिकेत स्वयंपाकाची सोय असेल तर तो सोलून, नीट उकडून, जिरे-मिरचीची फोडणी द्यावी. कच्चा मात्र खाऊ नये, कारण त्यात विषारी द्रव्य असते आणि ते पूर्ण शिजवल्यावरच जाते.

सणावारी मॉरिशसमध्ये असण्याचा योग आला, आणि कोणी ओळखीच्या कुटुंबाने किंवा मंदिरात बोलावले, तर ‘सेत कारी’ चुकवू नये. केळीच्या पानावर फणस, कच्चे केळे, भोपळा, पालेभाजी, शेंगबिया अशा सात भाज्या, आंब्याचे लोणचे आणि ‘रासों’ नावाचे रसम वाढतात. हे जेवण संपूर्ण शाकाहारी असते. आई-वडील मांडी घालून हाताने, निःशंक जेवले ते त्या पंगतीत.

सातवी पायरी : ऊस, चहा आणि परतीचा दिवस

मराठवाड्यातील ऊस-उत्पादक कुटुंबाने पांप्लमूसच्या बागेजवळचे बो प्लां येथील साखर संग्रहालय पाहावे. जुन्या कारखान्यातच ते उभारले आहे. १६३९ मध्ये डच लोकांनी जावाहून बेटावर ऊस आणला तिथपासून ही कथा सुरू होते, आणि शेवटी निरनिराळ्या रंगांच्या, दाण्यांच्या आणि वासांच्या साखरा चाखायला देतात. त्यांतली काळपट, ओलसर मस्कोवाडो तोंडात टाकली की गुऱ्हाळावरच्या काकवीची आठवण येते. तिथला तोडणीचा हंगाम जून ते डिसेंबर असतो. आपल्याकडचे कारखाने पेटतात तेव्हा त्यांचे विझायला येतात. माझ्या वडिलांनी त्या संग्रहालयात जितके प्रश्न विचारले तितके सहलीत इतरत्र कुठेही विचारले नाहीत. दक्षिणेकडे बुआ शेरी येथे १८९२ पासून चहाचा मळा आहे. तिथला व्हॅनिलाचा चहा प्यावा. तिथले लोक तो बहुधा दूध घालून पितात. तिथल्या हिंदूंना पवित्र असलेल्या गंगा तलावाचे दर्शन त्याच वाटेवर करता येते.

परतीच्या दिवसासाठी माहेबूर गाव राखून ठेवावे, कारण विमानतळ तिथून जवळ आहे. सोमवार असेल तर तिथला मोठा बाजार भरलेला असतो, आणि डाळपुरीची शेवटची जोडी तिथे खाता येते. याच गावात १८७० पासून चालत आलेला मान्योकच्या बिस्किटांचा छोटा कारखाना आहे. घरी आणण्यासाठी ही बिस्किटे, व्हॅनिलाचा चहा, व्हॅनिलाच्या शेंगा आणि मस्कोवाडो साखर योग्य. माझावारू आणि लोणच्याच्या बाटल्या हातातल्या पिशवीत चालत नाहीत. त्यांची झाकणे चिकटपट्टीने बंद करून, दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून, मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मध्यभागी ठेवाव्यात. ताजे अननस मात्र तिथेच खाऊन घ्यावेत, कारण भारतात ताजी फळे आणताना वनस्पती-तपासणीचे नियम लागू होतात. परतीच्या विमानासाठीही शाकाहारी जेवणाची नोंद वेगळी करावी लागते. जाताना केलेली नोंद येतानाच्या तिकिटावर आहे की नाही, हे निघण्याच्या दोन दिवस आधी दूरध्वनी करून विचारून घ्यावे.